तांकेरो आणि मिरचीचं बी

माझ्या इंग्रजीची नक्कल आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये फार चांगली होते. ती मी दाराआडून ऐकलेली नाही, त्याच टेबलावर बसून ऐकलेली आहे. नक्कल करणारे आमचे मार्केटिंगचे साहेब. पुण्यात शिकलेले, बोलायला गोड, परदेशी पाहुणे आले की पुढे तेच असतात. एकदा डबा खाताना म्हणाले, "मॅडमचं इंग्रजी जालन्याहून निघतं आणि जालन्यालाच पोचतं." सगळे हसले, मीही हसले. राग आला की मी आधी हसते, ही माझी जुनी खोड. खरा राग दोन दिवसांनी येतो आणि मग तो घरच्यांना भोगावा लागतो.

नवीन जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत मी बीज तपासणीची प्रयोगशाळा सांभाळते. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना काहीतरी निळं उकळताना दिसतं. तसं काही नसतं. शेतकऱ्यांनी आमच्यासाठी पिकवलेलं बी येतं, त्यातले काही दाणे आम्ही ओल्या कागदात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवतात ते बघतो. पुरेसे उगवले तर लॉट पास, नाहीतर नापास. ज्याचा लॉट नापास, त्याचं नाव पुढच्या वर्षीच्या प्लॉटच्या यादीतून जातं. कागदाची एक गुंडाळी सोडताना कुणाच्या तरी घरचं वर्ष हातात असतं, हे मी सगळ्या नवीन मुलींना पहिल्याच दिवशी सांगते.

भाषेवरून हसं होण्याची मला सवय होती. आमच्या घरात उर्दू, पण ती जालन्याची. हैदराबादची खाला, म्हणजे मावशी, आली की माझं बोलणं ऐकून पदरात तोंड लपवायची. शाळेत मराठीच्या बाई म्हणायच्या, "ळ म्हण ळ, जीभ काय भाड्याने आणलीस का?" पुढे शेतकी कॉलेजात पुस्तकं इंग्रजी निघाली आणि तिसऱ्यांदा तोच प्रकार. अब्बा मोटार रिवाइंडिंगचे कारागीर. मी रडत घरी आले की म्हणायचे, "बेटा, मोटार कोणत्या भाषेत जळते ते सांग, मी ती भाषा शिकून घेतो." मला ते तेव्हा पटलं होतं. नोकरीत लागल्यावर विसरले.

दोन-तीन वर्षांपूर्वी कंपनीने बी वाळवायचं मोठं मशीन मागवलं. ते फिनलंडहून आलं आणि ते बसवायला एक इंजिनिअर आला. एप्रिल सुरू होता. उंच माणूस, पन्नाशीचा, दुसऱ्या दिवसापासून नाक आणि कान लाल. बोलायचा अगदी थोडं. तीन-चार शब्द झाले की थांबायचा, प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर हातोडा मारल्यासारखा जोर, आणि आवाज शेवटपर्यंत एका पातळीत. पहिल्या दिवशी आमच्या साहेबांना तो काय म्हणतो ते दोनदा विचारावं लागलं, आणि मला मात्र पहिल्याच खेपेला कळलं. का कळलं ते तेव्हा लक्षात आलं नाही. साहेबांनी सगळ्यांना बजावलं होतं की पाहुण्याशी ते बोलतील, बाकीच्यांनी हसून उभं राहायचं. आम्ही हसून उभे होतो.

त्याच आठवड्यात जाफराबादकडची एक बाई मिरचीचं बी घेऊन आली. दहा गुंठ्यांचं शेडनेट. आमचं मिरचीचं बी फार हातकामाचं असतं. एकेका कळीतले केसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या जातीचे पराग बोटाने लावायचे, खुणेचा दोरा बांधायचा. ते पहाटेपासून वाकून करायचं, महिना-दीड महिना. हे तिने आणि तिच्या जावेने मिळून केलं होतं. प्लॉट पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या नावावर होता. आतापर्यंत दिराच्या नावावर असायचा आणि कष्ट हिचे. बी अजून ओलसर होतं, फळातून काढून धुतलेलं. ती विचारत होती, पास होईल ना? बी सुरेख दिसत होतं. मी म्हटलं, "ताई, नवीन मशीन आलंय. तुमचाच लॉट पहिला घालू. जल्दी मोकळ्या व्हाल." हे मी तिला सुचवलं होतं, तिने मागितलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि तिचा लॉट मशीनमध्ये गेला. त्याआधी मी सवयीने दोन मुठी बी बाजूला काढलं आणि प्रयोगशाळेत सावलीत कागदावर पसरलं. बावीस वर्षांची सवय आहे, कारण नसलं तरी हात जातो. दुपारी तिचं बी खालच्या झडपेतून बाहेर यायला लागलं. मी हात घातला. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीला हात लावावा तसं ते गरम होतं. मिरचीचं बी जिवंत असतं, ओलं असताना तर फारच नाजूक. इतकं गरम झाल्यावर त्यात काय राहणार? मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर कळलं, शंका होती, खात्री नव्हती, असं काहीही मी म्हणणार नाही.

इंजिनिअर शेजारीच उभा होता. त्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "प्रॉब्लेम?"

मी म्हटलं, "नो प्रॉब्लेम, सर."

आता हे परगावच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. आमच्याकडे पाहुणा दारात असेपर्यंत घरातली कुरबुर त्याच्या कानावर जाऊ देत नाहीत. मागची भिंत पडली तरी "काही नाही, मांजर असेल, तुम्ही जेवा" असं म्हणतात. हा माणूस सात समुद्र ओलांडून आलेला, कॅन्टीनच्या बाईने त्याला कमी तिखटाची वेगळी भाजी केलेली, आणि त्याच्या मशीनला नावं ठेवायची? रोज संध्याकाळी एकदा सगळ्यांना विचारायचं, हा त्याचा नेम होता. "प्रॉब्लेम?" फोरमन, वायरमन, हमाल, प्रयोगशाळेतल्या आम्ही तिघी, सगळे एका सुरात, "नो प्रॉब्लेम, सर." देवळातल्या आरतीसारखं झालं होतं. तो मान हलवायचा आणि वहीत काहीतरी लिहायचा.

माझं आणखी एक कारण होतं. गरम हवा, बियाची ओल, जीव जाणे, हे सगळं इंग्रजीत सांगायचं म्हणजे आठ-दहा वाक्यं लागणार. ती मी बोलणार, साहेब ऐकणार, आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर त्यांचा खेळ होणार. मी मनात वाक्यं जुळवली. जुळवेपर्यंत दिवस संपला.

बी मी कागदात घातलं, दोन्ही प्रकारचं. मिरचीला पहिल्या मोजणीला आठवडा लागतो. तो आठवडा मी कसा काढला ते घरचे सांगतील. आठव्या दिवशी गुंडाळ्या सोडल्या. सावलीत वाळवलेलं बी छान उगवलं होतं, पांढरी मुळं कागदाला धरून बसली होती. मशीनमधलं बी होतं तसंच पडलेलं. एकाही दाण्याने तोंड उघडलं नव्हतं. माझ्या मदतनीस मुलीने दुसरी गुंडाळी सोडली, मग तिसरी. ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिला म्हटलं, चहा घेऊन ये. तिला बाहेर पाठवलं आणि खुर्चीवर बसले.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर जाणार होता. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी जाफराबाद आणि भोकरदनकडच्या चाळीस-पन्नास शेतकऱ्यांचं मिरचीचं बी त्या मशीनमध्ये जाणार होतं. पोती गोदामात येऊन पडली होती.

मी साहेबांकडे गेले. त्यांना कागद दाखवले. त्यांनी पाहिले, नाही असं नाही. म्हणाले, "मॅडम, उद्या तो चाललाय. कागदांवर सह्या होऊ द्या, मग आपण व्यवस्थित मेल करू. आत्ता कशाला तोंड कडू करता?" मी विचारलं, मग उद्याच्या पोत्यांचं काय? म्हणाले, "थोडं कमी गरम ठेवायला सांगू फोरमनला." फोरमनला काही कमी करता येत नव्हतं, ते त्यांनाही माहीत होतं. उंटावरून शेळ्या हाकणं ज्याला म्हणतात ते हेच. दोन दिवसांनी येणारा माझा राग त्या दिवशी जागच्या जागी आला.

इंजिनिअर गोदामाच्या पायरीवर बसून अवजारं पेटीत भरत होता. मी दोन्ही ट्रे घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. इतकी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. मी म्हटलं, "सर. प्रॉब्लेम."

त्याने पाना खाली ठेवला.

"धिस सीड, युवर मशीन. डेड. धिस सीड, माय टेबल. अलाइव्ह. सेम फार्मर. सेम डे." मागे हमाल थांबले होते, साहेबही काचेच्या दारात आले होते. मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.

त्याने दोन्ही कागद मांडीवर घेतले. स्वतः एकेक दाणा नखाने फिरवून पाहिला, घाई केली नाही. मग उठून मशीनच्या मागे गेला, जिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. तिथे थर्मामीटर धरून उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. त्याने जमिनीवर खडूने काढून दाखवलं. मशीन बाहेरची हवा घेतं आणि तिला ठरावीक अंश वर चढवतं, बस. त्याच्या गावी पिकं निघतात तेव्हा बाहेरची हवा गार असते, पाणी प्यायचं मडकं असतं तशी, आणि चढवूनसुद्धा ती बियाला सोसते. इथे आत येणारी हवाच चाळिशीच्या वर होती. मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं की ते जालन्यात आलंय.

"मी रोज विचारलं," तो म्हणाला. अर्थात त्याच्या त्या हातोड्याच्या इंग्रजीत.

"हो. विचारलं."

"तुम्ही नो प्रॉब्लेम म्हणालात."

"म्हणाले."

तो चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने खडू खिशात टाकला आणि म्हणाला, त्या दिवशी झडपेपाशी त्यालाही बी जास्त गरम वाटलं होतं. त्याचं सगळं काम धान्याचं, बी-बियाण्याचं नव्हे. पुढचं विचारायचं होतं, पण लांब वाक्य लागणार होतं आणि तुमचे साहेब इतकं फाडफाड बोलतात की त्यांच्यासमोर तोंड उघडायला नको वाटलं. इतका मोठा माणूस, विमानाने आलेला, आणि त्याच्या पोटातही तेच होतं जे माझ्या पोटात होतं.

मग त्याने मला तो शब्द सांगितला. आम्ही पायरीवर बसलो होतो, कॅन्टीनच्या बाईने दोघांना चहा दिला होता. त्याच्या देशात अशा जड जिभेच्या इंग्रजीला नावच आहे, तांकेरो. त्याच्या लहानपणापासून चालत आलेलं. गोष्ट अशी सांगतात की त्यांचा एक मोठा मंत्री परदेशी प्राणिसंग्रहालयात गेला. पिंजऱ्यावर इंग्रजीत पाटी होती, प्राणी धोकादायक आहे अशी. त्यांच्या भाषेत जसं लिहितात तसंच वाचतात, अगदी आपल्यासारखं. त्याने ती पाटी तशीच वाचली, आणि त्या जड जिभेवर 'डेंजरस'चं 'तांकेरो' झालं. सगळा देश हसला. मी विचारलं, हे खरंच घडलं का? त्याने खांदे उडवले. म्हणाला, तिथे हजर असलेला माणूस आजवर कुणाला भेटलेला नाही. काही लोक म्हणतात, वर्तमानपत्रवाल्यांनी गप्पा मारता मारता रचलं. मंत्री मात्र खरा होता, आणि मोडकंतोडकं बोलून परदेशातली कामं करून यायचा. नंतर घरी मी मुलाला मोबाइलवर शोधायला लावलं. या गोष्टीची रूपं निघाली पाच-सहा, साक्षीदार एकही नाही.

दुसराही एक शब्द त्याने सांगितला. राल्ली-इंग्लिश म्हणायचं. त्यांच्याकडचे लोक चिखलात, बर्फात गाड्यांच्या शर्यती जिंकतात. जिंकलं की टीव्हीवाले माइक पुढे धरतात आणि मग ड्रायव्हर त्या सपाट आवाजात, तुटक-तुटक इंग्रजी बोलतो. घरोघरी त्याची नक्कल होते. मी म्हटलं, म्हणजे आधी जिंकायला लागतं, तेव्हा कुठे कुणी हसतं. त्याला ते इतकं आवडलं की त्याने वहीत लिहून घेतलं. पण लगेच पुढे जे म्हणाला ते मला आजही आठवतं. त्याच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला कुणी तोंड उघडलं की मागून कुणीतरी तांकेरो म्हणायचं. म्हणून सगळा वर्ग गप्प बसायला शिकला. व्याकरण सगळ्यांना यायचं, बोलायचं कुणीच नाही. "आम्ही चांगले गप्प बसतो," तो म्हणाला.

त्याने जाणं दोन दिवस पुढे ढकललं. हीटर पूर्ण काढून टाकला, नुसता पंखा ठेवला, आणि मशीन रात्री चालवून सूर्य वर यायच्या आत बंद करायची पद्धत फोरमनला घालून दिली. गोदामातली पोती वाचली. त्यांचे निकाल मी स्वतः काढले, एकूणएक पास. साहेबांनी मोठ्या मनाने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि आठवड्याभराने माझ्या "सेम फार्मर, सेम डे"ची नक्कल सुरू केली. या वेळी मी हसले नाही. म्हटलं, "साहेब, तांकेरो." त्यांना अर्थ कळला नाही, मीही सांगितला नाही.

इथवर गोष्ट सांगितली की लोक खूश होतात. मीही बरेच दिवस इथवरच सांगत होते.

जाफराबादची बाई निकाल विचारायला आली तेव्हा मी तिला खुर्चीवर बसवलं. अहवालात मी स्पष्ट लिहिलं होतं की बी चांगलं होतं, ते मशीनच्या उष्णतेने मेलं, आणि चूक प्रयोगशाळेची आहे. सावलीत वाळवलेल्या बियाचा निकाल सोबत जोडला होता. त्यामुळे तिचं नाव यादीतून गेलं नाही, एवढं मी करू शकले. पण तिचं त्या वर्षीचं बी गेलं ते गेलंच. मी तिला सगळं सांगितलं. हात घातला होता, गरम लागलं होतं, पाहुणा माणूस, साहेब, माझं इंग्रजी, जीभ रेटेना, सगळं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. तिच्या बोटांना चिमट्याचे घट्टे होते.

मग म्हणाली, "मॅडम, त्या साहेबाला इंग्रजीतून न्हाई सांगता आलं, ते समजलं मला. पण मी त्या दिवशी चार वाजेपर्यंत बाहेर झाडाखालीच बसून व्हते. अर्धं बी तर अजून पोत्यातच व्हतं. मला मराठीत सांगता आलं असतं की."

ती रागावून बोलली नव्हती. हिशेब चुकला आहे हे दाखवावं तशी बोलली. ती झाडाखाली बसलेली मला खिडकीतून दिसत होती. पाणी हवं का, असं मीच विचारून आले होते. मी इतके दिवस इंग्रजीवर खापर फोडत होते. नाचता येईना अंगण वाकडं. मला खरोखर लाज वाटली, आणि ती खालाच्या हसण्याची किंवा कॅन्टीनच्या नकलेची लाज नव्हती.

पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. यादीत नाव होतं, प्लॉट तिचाच. बी उत्तम होतं, पण ओलं नव्हतं. घरीच वाळवून, पांढऱ्या धोतराच्या तुकड्यात बांधून आणलेलं. आता मशीन छान चालतं, सगळे शेतकरी ओलंच आणून टाकतात, घरी वाळवायचा त्रास कोण घेणार? मी गाठोडं सोडून बी हातात घेतलं आणि विचारलं, "ताई, घरी कशाला वाळवलंत? काही प्रॉब्लेम होता का?"

ती हसली. "न्हाई मॅडम. काहीच प्रॉब्लेम न्हाई."

ते हसणं मला ओळखीचं होतं. मी पेन ठेवलं, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि पुन्हा विचारलं. ती म्हणाली, उन्हं चांगली पडून राह्यली व्हती, म्हणून. मी तिसऱ्यांदा विचारलं.

तिने गाठोड्याच्या कापडाची टोकं सारखी केली. मग म्हणाली, "भरोसा न्हाई राह्यला, मॅडम."

"बराबर आहे," मी म्हटलं, आणि तिच्यासमोरच कागद ओला करायला घेतला.